गैरहजर शिंगरं

गौतमी या घरात धाकटी सून म्हणून आली तर आपल्या पदरात काय काय पडेल, हे हर्षदाने बोलणी सुरू व्हायच्या आधीच मोजून ठेवलं होतं. गौतमी तिची सख्खी धाकटी बहीण. ती आली की बारा वर्षांनी का होईना, या घरात हक्काने भांडायला एक माणूस मिळणार होतं. तसं हे घर हर्षदाच्या मामाचंच. पण मामाचं घर सुटीत जेवढं गोड लागतं तेवढं सून म्हणून गेल्यावर लागत नाही. तिथला गूळ भाच्यांसाठी राखलेला असतो, सुनांसाठी नाही. दुसरं असं की, मग पागेचा कारभार आबा, म्हणजे आता सासरे झालेले हेच मामा, दोघी बहिणींच्या हाती देणार होते. आबांचे दोन्ही मुलगे, म्हणजे हर्षदाचा नवरा विश्वजित आणि धाकटा रणवीर, घोड्यावर बसले की राजबिंडे दिसत. खाली उतरले की त्यांचा फारसा उपयोग नसे, हे खुद्द आबांइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. तिसरा फायदा आईचा. ती फलटणला एकटी राहायची आणि ‘लेकीच्या घरी कसं राहू’ हे तिचं पालुपद होतं. दोन्ही लेकी एकाच दारात म्हटल्यावर, आणि ते दारही सख्ख्या भावाचं, तिला दुसरं काहीतरी शोधावं लागलं असतं.

चौथा फायदा हर्षदा मनातसुद्धा हळू आवाजात मोजायची. दुसरी सून आली, की बारा वर्षं आपल्या पोटावर खिळलेल्या नजरा तिकडे वळतील. तिला एक मुलगी होती, ओवी, नऊ वर्षांची. ओवीच्या आधी एकदा आणि नंतर दोनदा दिवस राहिले होते, आणि तिन्ही वेळा तिसरा महिना पुरा झाला नव्हता.

तोट्याचा रकाना तिने कोराच ठेवला होता.

शिलेदारांची ही पागा नीरेच्या उजव्या कालव्यावर, निंबळी गावात. दोन गोष्टींसाठी नावाजलेली. घोड्यांच्या कपाळावर ठसठशीत पांढरा टिळा आणि चारी पाय पांढरे. अशा घोड्याला पंचकल्याणी म्हणतात आणि बाजारात त्याच्याभोवती माणसं देवळात उभी राहिल्यासारखी उभी राहतात. आणि माणसांच्या कपाळावर, ऐन भांगापाशी, जन्मापासूनची पांढरी बट. आबांना बट, दोन्ही मुलांना बट, मामींना बट. आबांच्या बहिणीला, म्हणजे हर्षदाच्या आईला बट, आणि तिच्या दोन्ही मुलींनाही. आबांच्या आजोबांनी नियमच घालून दिला होता: टिळ्याला टिळा, बटेला बट. घोडी निवडायची आणि सून निवडायची ती एकाच कसोटीवर. बटेची मुलगी शोधायला आबांना फार लांब जावं लागत नसे; नात्यातच अशी पाच-सहा घरं होती.

कोऱ्या कपाळाचं शिंगरू झालं, की ते वरातीवाल्यांना विकून टाकत. ओवी कोऱ्या कपाळाची होती. तिला कुणी कधी काही बोललं नाही. फक्त घरचा फोटो काढताना ती दर वेळी जरा कडेला येई. एकदा आरशासमोर ती टूथपेस्टने केसांत पांढरी रेघ ओढताना हर्षदाला सापडली होती. हर्षदाने केस धुऊन दिले.

०

पागेत ‘मागोवा’ आला तो घोडेबाजाराच्या नव्या नियमामुळे. तीन वर्षांमागे, म्हणजे दोन हजार चाळीसच्या बाजारात, एका नामांकित घोड्याला नव्या मालकाने आंघोळ घातली आणि त्याचा टिळा नाकपुड्यांपर्यंत ओघळला. तेव्हापासून बाजार समितीने पाच पिढ्यांचा वंशदाखला सक्तीचा केला. जिवंत घोड्याचं रक्त तपासता येतं. पण पाच पिढ्यांमागचं रक्त आणायचं कुठून? त्यासाठी हा मागोवा, वंश शोधणारं यंत्र. त्याला जुन्या वह्या वाचून दाखवायच्या, जुने फोटो दाखवायचे, आणि पोरांच्या रंगावरून तो मेलेल्या आईबापांच्या पोटात काय दडलं होतं ते सांगायचा.

पशुवैद्यक महाविद्यालयातून डॉक्टर नसरीन मुजावर तो बसवायला आली. चाळिशीची, बोलायला मोकळी, पायांत गमबूट.

“मेलेल्याचं रक्त नसतं वहिनी, पण शिंगरं असतात ना,” ती म्हणाली. “प्रत्येक गुणाच्या दोन चिठ्ठ्या. एक आईची, एक बापाची. टिळ्याची चिठ्ठी जोरकस. एक असली तरी टिळा दिसतो. कोरं कपाळ हवं तर दोन्ही चिठ्ठ्या कोऱ्या पाहिजेत. आता सांगा, घोड्याला टिळा, घोडीला टिळा, आणि शिंगरू झालं कोरं. काय समजायचं?”

“घोडीनं बाहेर शेण खाल्लं,” आबा दारातून म्हणाले आणि आपल्याच विनोदावर मनसोक्त हसले. पंचाहत्तरी गाठली तरी आबांचं हसू पागेच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाई.

“नाही आबासाहेब. दोघांकडेही एकेक कोरी चिठ्ठी लपलेली होती. शिंगरानं दोघांची झडती घेतली.”

“आमच्याकडं लपवाछपवी नाही. आमचा टिळा शुद्ध. दोन्ही चिठ्ठ्या टिळ्याच्या. लिहून घ्या.”

“मी काही लिहीत नाही. शिंगरं काय म्हणतात ते बघू.”

हर्षदाने नऊ दिवस वह्या वाचल्या. एकोणीसशे एक्कावन्नपासूनच्या. कुठली घोडी कुठल्या घोड्याकडून भरवली, शिंगरू कुठल्या रंगाचं, टिळा आहे का नाही, की घोडी गाभण न राहता रिकामी गेली. रिकामी गेलेल्या घोडीपुढे आबांच्या वडलांनी आणि पुढे आबांनीही एकच शब्द लिहिलेला: ‘काढली’. म्हणजे विकली.

दहाव्या दिवशी मागोव्याने उत्तर दिलं. शहाण्णव सालापर्यंत टिळ्याची घोडी टिळ्याच्या घोड्याकडून भरवल्याच्या नोंदी दोनशे चौदा. शिंगरं टिळ्याची पंच्याण्णव. कोरी पंचेचाळीस. रिकाम्या गेल्या चौऱ्याहत्तर. शुद्ध टिळा, दोन्ही चिठ्ठ्यांचा: एकही नाही. आणि शेवटी एक रकाना, ज्याचं नावच तिला कळेना. ‘गैरहजर: सत्तेचाळीस.’

तिने नसरीनला फोन लावला.

“अच्छा,” नसरीन म्हणाली. “वहिनी, हीच पागेतली घोडी बाहेरच्या कोऱ्या घोड्याकडून भरवली, तेव्हा आठातली एक रिकामी गेलीय. ते चालतंच. पण टिळ्याला टिळा दिल्यावर तिनातली एक रिकामी जातेय. दोघांकडेही टिळ्याची एकेक चिठ्ठी आहे, तर चारातल्या एका शिंगराला दोन्ही टिळ्याच्या यायला पाहिजेत की नको? मग ती शिंगरं आहेत कुठं?”

“कुठं आहेत?”

“पोटात धरली, आणि पोटातच संपली. घोडी रिकामी नव्हती गेली.”

मग तिने समजावून सांगितलं. रंगाच्या पेशी गर्भाच्या पाठीच्या कण्याजवळ तयार होतात आणि तिथून दोन्ही बाजूंनी पसरत खाली येतात. कपाळाचा मध्य आणि पाय ही सगळ्यात लांबची ठिकाणं. “तुमच्या कालव्याचंच बघा. वर पाणी सोडलं कमी, तर टेलचं, म्हणजे अगदी शेवटचं, शेत कोरडंच राहतं. टिळा म्हणजे टेलचं शेत. तिथं रंग पोचलाच नाही. एक चिठ्ठी बिघडलेली असली तर पाणी निम्मं येतं, टोकं तेवढी पांढरी राहतात, दिसायला सुरेख. पण तोच कालवा रक्त तयार करणाऱ्या पेशींनाही पाणी देतो. दोन्ही चिठ्ठ्या बिघडलेल्या, म्हणजे कालवाच बंद. रक्तच धरत नाही. तुमच्या सासऱ्यांना जो शुद्ध टिळा पाहिजे ना वहिनी, तो या पागेत नेमानं येत होता. जन्माला तेवढा येत नव्हता.”

हर्षदाचा हात आपसूक भांगाकडे गेला.

“आणखी एक,” नसरीन म्हणाली. “शहाण्णवनंतर तुमच्या भारीतल्या भारी घोड्या अचानक रिकाम्या जायच्या थांबल्यात. हलक्या घोड्या जातात तशाच जातायत. भारी मात्र नाही. खुराक बदलला होता का?”

“ते मामांना विचारायला पाहिजे.”

“आणि जुने फोटो असतील तर तेही दाखवा त्याला. फोटो असले की दाखला भक्कम होतो.”

०

मंगळवारी दुपारी सगळी बारामतीला साड्या बघायला गेली. शुक्रवारी गौतमीची सुपारी फुटायची होती. वह्या राहिल्यात असं सांगून हर्षदा मागे राहिली, आणि पागेच्या कचेरीत बसून तिने जे करू नये ते केलं.

मागोव्याला माणूस कळत नसे. घोडा, घोडी आणि शिंगरू, एवढ्याच नोंदी तो घेई. म्हणून तिने लिहिलं: घोडी, हर्षदा. टिळा आहे. घोडा, विश्वजित. टिळा आहे. शिंगरू, ओवी. कोरं. रिकामी गेली: तीनदा.

मग आबा आणि मामी, त्यांचीही दोनदा गेलेली. मग आईकडून ऐकलेल्या चुलत-मावस घरांची नावं. मग जरा थांबून, सगुणा.

सगुणा आबांची पहिली बायको. बट होती म्हणून आणलेली. चारदा दिवस राहिले आणि गेले, म्हणून सहा वर्षांनी आबांनी तिला माहेरी पोचवलं आणि मामींना करून आणलं. सगुणाने पुढली पंचवीस वर्षं भावाच्या घरी भाकरी थापल्या आणि ती वारली. मातीलाही इकडून कुणी गेलं नव्हतं.

मागोव्यात ‘कुरण’ नावाचा एक देखावा होता. गिऱ्हाइकांना आवडावा म्हणून केलेला. सगळी वंशावळ हिरव्या माळावर चरताना दिसायची, प्रत्येक जनावर आपापल्या रंगाचं. हर्षदाने तो उघडला.

माळाच्या वरच्या अंगाला आबा उभे होते, तांबडे, टिळ्याचे, मान ताठ. शेजारी मामी, आणि मामींच्या मागे दोन पांढरी शिंगरं. पांढरी म्हणजे शुभ्र. डोळे नाहीत, आयाळ नाही, नुसता शिंगराचा आकार कापून काढल्यासारखा. जन्मली असती तर दोन्ही चिठ्ठ्यांमुळे पूर्ण पांढरी झाली असती, म्हणून मागोवा ती तशी काढत होता. आबांच्या दुसऱ्या अंगाला जरा लांब सगुणा. तिच्या मागे चार. आणि खाली एक टिळ्याची घोडी, तिच्या पोटाशी एक कोरं तांबडं शिंगरू, आणि पाठीशी एकापाठी एक तीन पांढरी.

ती किती वेळ बघत होती कोण जाणे. बाकीची जनावरं चरत होती, शेपट्या हलवत होती. पांढरी हलत नव्हती. सगळी आपापल्या आईकडे तोंड करून उभी होती.

मागोवा यंत्र आहे, त्याला अंदाज कळतो, साक्ष कळत नाही. तिच्या तिन्हींतलं एखादं दुसऱ्याच कारणाने गेलं असेल, हे तिला समजत होतं. समजून काही उपयोग झाला नाही. त्या दिवसापासून तिला मोजायची खोड लागली. कुंपणात सतरा शिंगरं होती. ती मोजायची आणि आकडा वीस यायचा. पुन्हा मोजलं की सतरा. ताटं घेताना हात आणखी ताटांकडे जायचा. पाठीमागे खूर वाजले म्हणून ती वळायची, तर कुणी नसायचं. आणि कुणी नाही म्हणून जरा वाईटही वाटायचं.

०

“तुला मी तिथं नकोय का, ताई?” गौतमीने सरळच विचारलं. बुधवारी हर्षदा फलटणला गेली होती. गौतमी तिथे फिजिओथेरपी करायची. दिवसभर लोकांचे सांधे पिळून तिच्या बोलण्यातही तो पीळ आला होता. “का माझं नशीब तुझ्यापेक्षा बरं निघेल म्हणून भीती वाटते?”

“थोबाडीत देईन. हे बघ आधी.”

गौतमीने कुरण बघितलं. 

“आपण सगळ्या घोड्या का गं यात?”

“त्याला माणसं कळत नाहीत.”

“मामांना तरी कुठं कळतात.” मग तिने हर्षदाच्या पाठीमागच्या तिन्हींवर बोट ठेवलं आणि तिचा आवाज बदलला. “ही ती?”

“असावीत.”

गौतमी डोळे पुसून कामाला लागली. तिचा स्वभावच तसा. रणवीर तिला आवडत होता. लहानपणी पेरूच्या झाडावरून दोघं एकत्र पडली होती, तेव्हापासून. “हे बघ ताई, यात रडण्यासारखं काही नाही. पुण्यात गर्भ बाहेर धरतात, चिठ्ठ्या तपासतात, ज्याच्या दोन्ही बिघडलेल्या तो बाजूला ठेवतात. माझ्या दोन पेशंटांनी केलंय. पण रणवीर मामांना विचारल्याशिवाय चहात साखर घालत नाही. मामांनी हो म्हणायला पाहिजे. शुक्रवारच्या आत. नाहीतर मी सुपारी घेणार नाही. आवडला तरी नाही.”

“आणि त्यांनी नाही म्हटलं तर?”

“तर तुझ्यामागं तीन उभी आहेत तेवढी पुरेत.”

आता जे काही व्हायचं ते आबांच्या एका शब्दावर आलं होतं.

०

गुरुवारी सकाळी हर्षदाने जुने फोटो मागोव्यापुढे धरले. पत्र्याच्या ट्रंकेतले, कडा पिवळ्या पडलेले. अर्ध्या तासात पडद्यावर तांबड्या रेघा उठल्या. एकवीस शिंगरांवर. प्रत्येकाखाली एकच वाक्य: ‘नोंदलेला बाप शक्य नाही.’

कारण साधं होतं. तांबडा रंग दिसायला दोन्ही चिठ्ठ्या तांबड्या लागतात. घोडा तांबडा, घोडी तांबडी, तर शिंगराला काळा केस यायला वाटच नाही. वहीत ही शिंगरं ‘तांबडी, आयाळ गडद’ अशी लिहिलेली होती. फोटोत आयाळ आणि शेपूट कोळशासारखी काळी. आया तर त्याच फोटोंत ठाणावर उभ्या होत्या, तांबड्या आणि टिळ्याच्या. म्हणजे बाप दुसरा. मागोव्याने तो काढूनही दाखवला: काळा, कपाळ कोरं.

पागेच्या इतिहासात काळा, कोऱ्या कपाळाचा घोडा एकच होता. ट्रंकेतल्या एका फोटोत तो मागे उभा होता, मानेवर जू. चाऱ्याच्या गाडीचा काजळ्या. ज्या घोड्यांपुढे बाजार हात जोडून उभा राहायचा, त्यांचा मूळपुरुष कडब्याची गाडी ओढत होता. एरवी हर्षदा यावर आठवडाभर हसली असती.

पण तिने पहिल्या रेघेचं साल वाचलं. सत्त्याण्णव. घोडीचे दिवस अकरा महिने. म्हणजे भरवली शहाण्णवला.

आबा घोड्यांना गूळ चारत होते. ती समोर जाऊन उभी राहिली.

“मामा, शहाण्णवपासून भारी घोड्या तुम्ही काजळ्याकडं नेत होता. वहीत नाव टिळ्याच्या सरदार घोड्याचं लिहीत होता.”

“कोण म्हणतं?”

“शिंगरं म्हणतात.”

आबांनी हातातला गूळ घोड्याच्या ओठांवर ठेवला, तळहात धोतराला पुसला. खोटं बोलायची त्यांना गरज वाटली नाही. ती वेळ येते ती बरोबरीच्या माणसापुढे.

“मला तुझ्यासारखं गणित येत नव्हतं, पोरी. पण घोड्या रिकाम्या जायला लागल्या की माणूस बघतो. लक्ष्मी घोडी दोन वर्षं रिकामी. एका दुपारी दावं तोडून ती काजळ्यापाशी गेली. पहिल्याच खेपेला राहिली. मग दुसरी नेऊन बघितली, तिसरी नेऊन बघितली. निम्मी टिळ्याचीच होतात की. कुणाला कळतंय? इमानी जनावर होतं. कधी बोललं नाही.”

“म्हणजे टिळ्याला टिळा देऊ नये, हे तुम्हाला शहाण्णवला कळलं.”

“घोड्यांचं कळलं.”

“सगुणामामींना माहेरी पोचवलंत ते नव्व्याण्णवला.”

गूळ संपलेला घोडा त्यांच्या खांद्याला नाक घासत होता. आबांनी त्याला ढकललं नाही.

“माणसाचं निराळं असतं, असं वाटलं.”

“वाटलं?”

“वाटून घेतलं,” आबा म्हणाले. मग म्हणाले, “लक्ष्मी घोडी भारी होती गं. ती रिकामी जाऊन परवडत नव्हती.”

 मला मागनं आणलंत, तेव्हाही ठाऊक होतं, एवढंच हर्षदाच्या मनात आलं. आणि पाठीमागे काही उभं असल्यासारखं वाटलं, पण ती वळली नाही.

मग आबा बाजारात बोलतात त्या आवाजात बोलायला लागले, हळू आणि गोड. गौतमी आणि रणवीर पुण्याला जाऊ देत. आबा स्वतःच त्यांना घेऊन जातील, रविवारी. गर्भ तपासा, काय पाहिजे ते करा, बाहेर वाच्यता नको. पागेचा कारभार दोघी बहिणींचा, कागद करून. तुझी आई शकू फलटणला एकटी कशाला, तिलाही आणा. “फक्त दाखला स्वच्छ दे. काजळ्या नको त्यात. आणि ते तुझं गैरहजर-बिजर ते नको. काजळ्याचं कळलं तर घोडे परत येतील, ते मी सोसीन. पण गैरहजरचं कळलं तर नात्यातल्या सगळ्या बटा उद्या या दारात उभ्या राहतील. कुणाकुणाला तोंड देऊ या वयात?”

हर्षदाने विचार केला. गौतमीला नको असलेलं काहीच घडणार नव्हतं. घोडे बोलणार नव्हते. सगुणा परत येणार नव्हती. कुणाचं काही जात नाही यात, असं तिला त्या क्षणी खरंच वाटलं.

“आणि ओवी?” ती म्हणाली.

“ओवीचं काय?”

“लग्नाच्या फोटोत मधे. तुमच्या मांडीवर.”

“एवढंच?” आबा म्हणाले आणि त्यांना हसू आलं. फार स्वस्तात सौदा झाला, हे दोघांनाही एकदमच कळलं.

नसरीनने फोनवर विचारलं, “फोटो का काढून घेतले, वहिनी?”

“रंग उडालेले होते.”

“उडालेले?” नसरीनला आणखी काही विचारायचं होतं; तिने श्वास घेतल्याचं ऐकू आलं. “बरं. गैरहजरचा रकाना दाखल्यावर छापायचा का नाही, हे मालकानं ठरवायचं असतं.”

“नको छापायला,” हर्षदा म्हणाली.

०

लग्न फाल्गुनात झालं. फोटोत ओवी मधे होती. आई आपलं बोचकं घेऊन आली आणि चार दिवसांत भावजयीशी भांडून स्वयंपाकघराची अर्धी बाजू तिने ताब्यात घेतली. कारभाराचा कागद झाला. पुण्यात पाच गर्भ धरले: तीन बटेचे, एक कोरा, एक दोन्ही चिठ्ठ्यांचा. शेवटचा बाजूला ठेवला. उरलेल्यांत निवड करताना गौतमीने कोरा मागितला होता. मामींनी पदर डोळ्यांना लावला, रणवीर आबांकडे बघायला लागला, आणि बटेचा ठेवला गेला. आता गौतमीला पाचवा महिना होता. सगळ्यांच्या नजरा तिच्याकडे वळल्या होत्या. हर्षदाने मोजलेलं सगळं तिच्या पदरात आलं होतं, एकही चुकलं नव्हतं.

पौषातल्या एका सकाळी वाठारच्या शालनआत्याचा फोन आला. नात्यातलंच घर. त्यांची पूर्वा गेल्याच्या गेल्या वैशाखात बटेच्याच घरी दिलेली.

“हर्षदा, तुझ्याकडं एवढे डॉक्टर येतात-जातात म्हणून विचारते गं. पूर्वाचं दुसऱ्यांदा गेलं. पहिलं दसऱ्याला, लग्नाच्या साली. आणि आता हे दिवाळीनंतर. तिच्या सासूनं निरोप धाडलाय, सोमवारी पोचवायला येतो म्हणून. ठेवून घ्या म्हणे. गौतमीला काय औषध दिलं तुम्ही? नाव सांग ना. कुठंही जाऊन आणीन.”

औषध एका वाक्याचं होतं. पूर्वात काही खोट नाही, आत्या. दोघांचं रक्त तपासा, पुण्याला जा. एवढं बोलायला दहा सेकंद पुरली असती. पण त्या दहा सेकंदांना शेपूट होतं: तुला कसं गं ठाऊक, कधीपासून ठाऊक, आणि कुणाकुणाला. पलीकडच्या खोलीत गौतमी पाय वर करून बसली होती आणि आई तिला कशावरून तरी रागावत होती. दोघी हसत होत्या.

“धीर धरा, आत्या,” हर्षदा म्हणाली. “होतं असं कधीकधी.”

“होतं ना गं?” शालनआत्या म्हणाली. “मीपण तेच म्हणते तिला.”

फोन ठेवून हर्षदा कचेरीत गेली. मागोवा उघडून तिने लिहिलं: घोडी, पूर्वा. टिळा आहे. रिकामी गेली: दोनदा. कुरणाच्या कडेला एक नवी घोडी आली आणि तिच्या मागे दोन पांढरी. हर्षदाने तारखा लावल्या. पहिलं दाखल्याच्या आधीचं होतं. दुसरं दाखल्यानंतर अकरा महिन्यांनी.

मग या सौद्यात कुणी काय दिलं ते तिने बोटांवर मोजलं, कारण हे वहीत लिहिण्यासारखं नव्हतं. आबांनी दिला पुण्याचा एक रविवार. नसरीनने, न विचारलेला एक प्रश्न. हर्षदाची स्वतःची तीन आधीच गेलेली. तिने नवीन काही दिलं नव्हतं, आणि हे मोजताना तिचं बोट तिथे अडलं. सगुणाने चार, आणि पंचवीस वर्षं. मामींनी दोन, न कळता. पूर्वाने आजवर दोन दिली, त्यातलं एक या सौद्यापायी. बाकीचं ती सोमवारपासून देणार होती.